फाउंडर गेल्यावर कंपनी कशी बदलते: नव्याने जॉइन होणाऱ्यांसाठी

कॅम्पसमधून निघालेली मुलं पॅकेज विचारतात, बाँड विचारतात, पण कंपनी ज्याने काढली तो माणूस अजून आत आहे का आणि नसेल तर त्याच्या मागे काय झालं हे कोणीच विचारत नाही. ते विचाराच. का ते कळायला एचपीची हकीकत माहीत हवी.

बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्डने १९३९ मध्ये पालो आल्टोतल्या गॅरेजात कंपनी काढली. ह्युलेट एकदा सुट्टीच्या दिवशी गेले तर पार्ट्सच्या खोलीला कुलूप, त्यांनी सरळ कटर आणून ते तोडलं आणि चिठ्ठी ठेवली की या दाराला पुन्हा कुलूप लावू नका. इंजिनिअरवर विश्वास म्हणजे काय ते त्या चिठ्ठीत आलं. १९७० च्या मंदीत माणसं काढण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी दहा टक्के पगार कमी घेतला आणि बदल्यात दर दुसऱ्या शुक्रवारी सुट्टी.

आता बघा, १९७८ मध्ये ह्युलेट सीईओपद सोडतात तेव्हा लगेच काही बिघडलं नाही, कारण पुढचे दोन्ही सीईओ कंपनीतच वाढलेले होते, आणि पॅकार्ड १९९३ पर्यंत चेअरमन होते. १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेरून सीईओ आल्या, कार्ली फिओरिना. २००१ मध्ये लोकांना स्वेच्छेने पगार कमी घ्या म्हटलं, बहुतेकांनी जुन्या सवयीने घेतलाही, आणि काही आठवड्यांत सहा हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं. डॉटकॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता, पीसीच्या धंद्यात मार्जिन राहिलं नव्हतं, त्यामुळे सगळा दोष एका माणसावर टाकणं मला पटत नाही. पण ज्यांनी पगार सोडला त्यांचा विश्वास गेला तो गेलाच. पुढे कॉम्पॅक ही दुसरी कॉम्प्युटर कंपनी विकत घ्यायच्या वेळी तर खुद्द ह्युलेटचा मुलगा वॉल्टर विरोधात उभा राहिला.

मी पुण्यात ज्या छोट्या हार्डवेअर कंपनीत होते तिथेही फाउंडर गेल्यावर भिंतीवरची व्हॅल्यूजची पोस्टर्स तशीच राहिली, बदललं ते कपाट. आधी मल्टिमीटर, प्रोब, सेन्सर कोणीही काढायचं, नंतर चावी अ‍ॅडमिनकडे गेली, मग रजिस्टर आलं, मग साध्या केबलसाठी मॅनेजरचं अप्रूव्हल. पाठोपाठ जुने सीनियर एकेक करून निघाले, आणि अमुक डिझाइन असं का केलंय हे सांगणारंच कोणी उरलं नाही.

म्हणून इंटरव्ह्यूत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात ना, तेव्हा विचारा, गेल्या मंदीत तुम्ही काय केलंत, आणि किरकोळ खरेदीला किती सह्या लागतात. एचआरपेक्षा टीममधल्या इंजिनिअरला विचारलंत तर खरं कळेल, शक्यतो फाउंडरच्या काळापासून असलेल्याला. आणि असं कोणी सापडतच नसेल तर ते लोक कधी गेले, फाउंडरच्या आधी की नंतर, तेही विचारून घ्या.