व्हर्च्युअल मशीन 'बंद' आहे, पण भाडं थांबलंय का?

रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांसाठी जळगावात बसून हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना क्लाउडवर भाड्याने घेतलेला चाचणीचा सर्व्हर, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, रात्री लागत नाही. तो बंद ठेवाच, पण नीट बंद करा.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर मशीनच्या आतून शटडाउन केलं, तर स्थिती नुसती 'स्टॉप्ड' होते. तुमच्यासाठी अडवलेली जागा सुटत नाही, भाडं चढतच राहतं. अझ्युअरच्या पोर्टलवरून, म्हणजे वेबसाइटवरून, 'स्टॉप' दाबा आणि 'डीअलोकेटेड' (जागा सोडली) हा शब्द दिसेपर्यंत खिडकी बंद करू नका. त्यानंतरही डिस्कचे पैसे लागतातच, म्हणून जुन्या चाचण्यांच्या, कुठल्याच मशीनला न जोडलेल्या बेवारस डिस्क शोधून काढून टाका. आधी आत काय आहे ते मात्र बघा!

रोज आठवण राहत नाही, हे अगदी खरं. मशीनच्या पानावर 'ऑटो-शटडाउन' असतं, ते लावा. तिथला टाइमझोन भारताचा करायला विसरू नका. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला, तर संध्याकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सकाळी मशीन हातानेच चालू करावं लागेल.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर असाल, तर राखून ठेवलेला सार्वजनिक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही तपासा. फेब्रुवारी २०२४पासून त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, वापरा किंवा नका वापरू.