कुडा कर्नलमध्ये वाया जाणारे बाइट कसे वाचवावेत

कुडाचा कर्नल, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर (जीपीयूवर) एकाच वेळी हजारो थ्रेडमध्ये चालणारं फंक्शन, हळू चालला की पहिला हात गणितावर पडतो: एखादा भागाकार टाळता येईल का, गुणाकार कमी होतील का. बहुतेक वेळा तिथे काही सापडत नाही. एनव्हिडियाच्या ४० जीबीच्या ए१०० कार्डाचे आकडे पाहा. ३२-बिट फ्लोटच्या सेकंदाला १९.५ लाख कोटी क्रिया, आणि मेमरीतून सेकंदाला १,५५५ जीबी. भागून बघितलं तर मेमरीतून आणलेल्या प्रत्येक फ्लोटवर साधारण ५० क्रिया केल्या, तरच गणिताचा भाग पूर्ण कामाला लागतो. दोन अ‍ॅरेंच्या बेरजेत १२ बाइटची ने-आण होते आणि क्रिया एकच. असा कर्नल बहुतेक वेळ डेटाची वाट बघत थांबलेला असतो.

म्हणून आधी मोजा. किती बाइट वाचायलाच हवेत आणि किती लिहायलाच हवेत, हे कागदावर काढा आणि त्या बेरजेला कर्नलच्या वेळेने भागा. मग त्याच कार्डावर नुसती नक्कल करणारा साधा कर्नल चालवून त्याचाही वेग काढा. कार्डाच्या माहितीपत्रकातला आकडा प्रत्यक्षात कधीच पूर्ण मिळत नाही, त्यामुळे तुलना या नकलेशी करायची. वेळ कुडा इव्हेंटने (जीपीयूवरच वेळ नोंदवणाऱ्या खुणेने) घ्या आणि पहिली फेरी सोडून द्या. डेटा एल२ कॅशपेक्षा, म्हणजे चिपवरच्या छोट्या वेगवान साठ्यापेक्षा, बराच मोठा हवा. ए१०० वर एल२ ४० एमबी असते. १०२४ × १०२४ फ्लोटचं मॅट्रिक्स ४ एमबीचं, ते कॅशमध्येच राहतं आणि वेग फसवा दिसतो.

नकलेच्या बराच खाली असाल तर कारण बहुधा वाचण्याच्या क्रमात असतं. ३२ थ्रेडचा वॉर्प एकत्र मेमरी मागतो आणि मेमरी ३२ बाइटच्या सेक्टरमध्ये येते. शेजारच्या थ्रेडने शेजारचा फ्लोट मागितला तर १२८ बाइट, म्हणजे ४ सेक्टर पुरतात. आता ३ स्थानं, ३ वेग, वस्तुमान आणि भार असा ८ फ्लोटचा स्ट्रक्ट घ्या आणि त्यातलं फक्त पहिलं स्थान वाचा. प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र सेक्टर लागतो. १,०२४ बाइट हलतात, कामाचे १२८, उपयोग १२.५ टक्के. उपाय म्हणजे स्ट्रक्टचा अ‍ॅरे मोडून प्रत्येक घटकाचा वेगळा अ‍ॅरे करणं. लगेच पुढच्या ओळींत बाकीचे ७ घटकही वाचत असाल तर एल१ कॅश बरंचसं नुकसान भरून काढते, तेव्हा तिथे घाई नको. एनसाइट कंप्यूट या प्रोफायलरमध्ये 'सेक्टर प्रति रिक्वेस्ट' हा आकडा बघा: सलग फ्लोट वाचनाला ४ हवा, ३२ दिसला तर सगळं विस्कटलेलं आहे. ५ दिसला तर सुरुवातीचा पत्ता थोडा सरकलेला आहे. त्यामागे दिवस घालवू नका.

काही कामांत एक बाजू सलग ठेवली की दुसरी विस्कटतेच. मॅट्रिक्सचं ट्रान्सपोज हे त्याचं शुद्ध उदाहरण: ओळीने वाचलं तर स्तंभाने लिहावं लागतं. इथे शेअर्ड मेमरी, म्हणजे एका ब्लॉकमधल्या (थ्रेडच्या गटातल्या) थ्रेडना सामायिक असलेली चिपवरची छोटी मेमरी, मधे घालायची. ३२ × ८ थ्रेडचा ब्लॉक घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेडकडे ४ घटक येतात. मॅट्रिक्सची ३२ × ३२ ची टाइल (तुकडा) ओळीने वाचून शेअर्ड मेमरीत ठेवा, सिंकथ्रेड्स करा (ब्लॉकचे सगळे थ्रेड इथे एकमेकांसाठी थांबतात), ब्लॉकच्या एक्स आणि वाय क्रमांकांची अदलाबदल करा आणि टाइलचा स्तंभ वाचून बाहेर ओळीने लिहा. थ्रेडचा एक्स क्रमांक वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा ग्लोबल मेमरीच्या (कार्डाच्या मुख्य मेमरीच्या) सलग दिशेनेच धावला पाहिजे. सगळी करामत एवढ्यातच आहे.

तरीही वेग कमी पडतो, कारण शेअर्ड मेमरीत ४ बाइट रुंदीच्या ३२ बँका (कप्पे) असतात आणि एक बँक एका वेळी एकच पत्ता पुरवते. टाइलची ओळ ३२ फ्लोटची असली की अख्खा स्तंभ एकाच बँकेत बसतो आणि ३२ थ्रेड एकामागून एक रांगेत लागतात. टाइल ३२ × ३३ ची जाहीर करा. प्रत्येक ओळ एका बँकेने सरकते, रांग संपते, आणि खर्च होतात फक्त १२८ जादा बाइट. एक धोका मात्र आहे: शेअर्ड मेमरीतून फ्लोट४ (एकत्र ४ फ्लोट) वाचत असाल तर ३३ ची ओळ १३२ बाइटची होते, १६ ने भाग जात नाही, आणि कर्नल चुकीच्या संरेखनाच्या एररने पडतो. तिथे ३६ ठेवा.

कडेच्या टाइलसाठी सीमेची अट वाचताना वेगळी आणि लिहिताना वेगळी तपासावी लागते. सिंकथ्रेड्स त्या अटीच्या आत कधीच ठेवू नका. काही थ्रेड तिथे पोहोचलेच नाहीत तर कर्नल अडकतो किंवा गुपचूप चुकीचं उत्तर देतो.

बाइटच कमी करायचे असतील तर डेटा १६-बिटमध्ये साठवा आणि बेरजा ३२-बिटमध्ये करा. प्रत्येक थ्रेडने दोन-दोन संख्या एकत्र उचलाव्यात. १६-बिट फ्लोटची कमाल ६५,५०४ आहे. त्यापुढच्या किमती अनंत होतात.

शेवटी रजिस्टर बघा. एका एसएममध्ये, म्हणजे थ्रेड चालवणाऱ्या जीपीयूच्या एका विभागात, ६५,५३६ रजिस्टर (थ्रेडच्या चालू किमती ठेवण्याच्या जागा) असतात. ए१०० वर २,०४८ थ्रेड भरायचे तर थ्रेडला ३२ च मिळतात. म्हणून अनेक जण कंपायलरला कमाल रजिस्टरची मर्यादा घालतात. मर्यादा फार आवळली की किमती लोकल मेमरीत सांडतात (स्पिल होतात), आणि नाव लोकल असलं तरी ती ग्लोबल मेमरीतच असते. थ्रेडच्या आतल्या अ‍ॅरेला चालताना ठरणारा इंडेक्स दिला तरी तो अ‍ॅरे तिथेच जातो. लूप पूर्ण उलगडला की हा प्रश्न बहुधा सुटतो. पीटीएक्सएएसचा (कुडाच्या असेंब्लरचा) व्हर्बोज पर्याय लावून कंपाइल करा: स्पिल स्टोअर आणि स्पिल लोड दोन्ही ० दिसेपर्यंत मर्यादा सैल करत जा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वेळ घ्या.