किचन ड्रॉइंगमध्ये अ‍ॅक्सेसरीला लेबल कसं द्यावं

आधी कॅबिनेटला नंबर, मग आतल्या मालाला, म्हणजे बास्केट, चॅनेल, बिजागरी अशा अ‍ॅक्सेसरीला: खालचं तिसरं कॅबिनेट ‘बी३’, तर त्यातली बास्केट ‘बी३-१’. नुसतं ‘बास्केट ६००’ लिहिलं की घोळ झालाच. ६०० मिमी ही बाहेरची रुंदी; १८ मिमीच्या दोन बाजू वजा केल्या की आत ५६४ उरतात. आतून लॅमिनेट असेल तर त्याचीही जाडी दोन्हीकडून काढा. लेबलवर हा आतला आकडाच हवा, कारण नागपूरच्या इतवारी बाजारात माल घ्यायला गेलेला माणूस थ्रीडी चित्र नाही, यादी बघतो. चॅनेलची (बास्केट ज्यावर सरकते ती पट्टी) लांबी, वजनक्षमता, नग वेगळ्या रकान्यांत. बिजागरी फुल (दार बाजूची पूर्ण कड झाकतं), हाफ (अर्धी झाकतं) की इनसेट (दार आत बसतं), हे लिहाच. नाहीतर शटर, म्हणजे कॅबिनेटचं दार, शेजारच्या दाराला घासतं. ड्रॉइंगमध्ये कॅबिनेट कॉपी केलं की जुनं लेबलही सोबत येतं, तेवढं तपासा.