उतारवयात निवांत कसं बसावं

वेळ ठरवा, खुर्ची ठरवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाण्याचा पेला जवळ असू द्या, कारण वय वाढलं की तहान लागलेली लवकर कळत नाही. झाली तयारी. खास चटई, मंद संगीत असल्या भानगडीत पडू नका.

आडवं व्हायचं असेल तर दुपारी ३ च्या आत, २०-३० मिनिटं, गजर लावून. त्यापुढे गाढ झोप लागते, उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्री छताकडे बघत पडावं लागतं. पण डुलकी म्हणजे निवांतपणा नव्हे. मी सांगतोय ते जागेपणी बसायचं.

खरी मेख पहिल्या १० मिनिटांत आहे. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला मला हे अजिबात जमेना. जरा टेकलो की आठवायचं, नळ गळतोय. की निघालो पाना शोधायला! ‘मन रिकामं करा’ म्हणणाऱ्यांचा मला आता रागच येतो. मन म्हणजे काय बादली आहे, उपडी केली की झालं? त्यापेक्षा हाताशी कागद-पेन्सिल ठेवा. काम आठवलं की एकच शब्द लिहायचा, ‘नळ’, आणि बसून राहायचं. लिहिलं की ते काम पुन्हा पुन्हा दार ठोठावत नाही. माझ्या कागदावर पहिल्या दिवशी अकरा शब्द होते. संध्याकाळी पाहिलं तर त्यातली तीनच कामं खरी निघाली.

कामं आठवून संपली की जुन्या गोष्टी वर येतात. इथे सावध राहा. आठवणं वेगळं, उगाळणं वेगळं. भावाशी झालेलं एक जुनं भांडण मी महिनाभर रोज उगाळलं. दर वेळी माझं उत्तर आणखी धारदार व्हायचं, बस्स. तीच वाक्यं त्याच क्रमाने तिसऱ्यांदा आली की समजा, गाडी रुतली. मग ‘तो असा का वागला’ हे सोडा आणि ‘त्या दिवशी नेमकं काय काय झालं’ हे धरा. मी तसं केलं तेव्हा आठवलं, तो दारात चप्पल घालून उभा होता, काहीतरी सांगू पाहत होता आणि मी त्याला बोलूच दिलं नव्हतं.

एवढं करूनही चाक फिरतच राहिलं तर उठून चार पावलं चाला, हट्टाने बसू नका. दोन-दोन आठवडे मन उदासच राहत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. ते खुर्चीत बसून बरं होत नाही.

पाऊण तास झाला की पुरे, नाहीतर सांधे आखडतात. उठताना आधी खुर्चीच्या कडेला या, घोटे हलवा, मिनिटभर थांबा. एकदम उठलं तर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मी एकदा दारावरची बेल ऐकून ताडकन उठलो आणि दाराऐवजी कपाटावर जाऊन आदळलो. बेल वाजली तर बसल्या जागेवरून ‘आलो’ म्हणून ओरडा आणि सावकाश उठा.