घानात स्वयंसेवक म्हणून जाताय आणि दाण्याची अ‍ॅलर्जी आहे? या चुका टाळा

मराठी घरात दाण्याचं कूट कशात नसतं? त्यामुळे अ‍ॅलर्जी असलेला माणूस लहानपणीच शिकतो: ताटात नीट बघायचं आणि शंका आली तर आईला विचारायचं. घानात शाळेत शिकवायला किंवा आरोग्य शिबिरात कामाला गेलात की बघून काही कळत नाही. तिथेही दाणे भरपूर खातात, पण वाटून, उकळून, रश्श्यात पार मिसळलेले. आणि विचारायचं तर नेमकं काय विचारायचं, तिथेच पहिली चूक होते.

‘मला नट्स चालत नाहीत’ एवढंच सांगून मोकळं होऊ नका. घानाची सरकारी भाषा इंग्रजी असल्यामुळे समोरच्याला कळलंच असेल असं आपण धरून चालतो. पण नट्स म्हटल्यावर काजू-बदाम डोळ्यांसमोर येऊ शकतात. दाण्याला तिथे ग्राउंडनट म्हणतात, दक्षिणेत बोलल्या जाणाऱ्या त्वी भाषेत न्काटिए. खिशातल्या कार्डावर हे दोन्ही शब्द हवेत. शिवाय ‘चालत नाही’ म्हणजे आवडत नाही असं वाटून यजमानीण मायेने थोडंसं वाढतेच. ‘खाल्लं तर श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागतं’ असं स्पष्ट सांगा. याच्या उलट फसवतं ते पाम नट सूप. ते तांबड्या पाम फळांचं असतं, दाण्यांचं नव्हे. मात्र त्यात बऱ्याचदा खेकडा आणि धुरवलेले मासे पडतात, त्यामुळे कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी त्यापासून लांब राहावं. शितो नावाच्या काळ्या तिखटापासूनही, कारण त्यात सोडे आणि सुकी मासळी असते.

ग्राउंडनट सूप नावावरूनच ओळखू येतं, ते टाळणं सोपं. घोळ होतो तो नाश्त्याला. शाळांमधून मिळणारी ‘टॉम ब्राउन’ ही पेज भाजलेल्या मक्याच्या पिठाची, पण त्या पिठात पुष्कळदा सोयाबीन आणि दाणेही दळलेले असतात. पीठ बाहेरून दळून आलं असेल तर रांधणाऱ्या बाईंनाही ते ठाऊक असेलच असं नाही. संध्याकाळी रस्त्याकडेला काडीवर भाजतात त्या चिचिंगा मांसाच्या मसाल्यात दाण्याची पूड असते. केलेवेले म्हणजे राजेळीसारख्या केळ्याचे मसाला लावून तळलेले तुकडे. त्यांच्याबरोबर मूठभर भाजके दाणे देण्याची पद्धत आहे आणि विकणारीचा हात दोन्हींत जातो. न्काटे केक तर सरळसरळ आपली चिक्कीच, फक्त नावात केक.

चॉप बारमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, पदार्थ सुरक्षित असला तरी पळी सुरक्षित नसते. फुफूवर, म्हणजे कसावा आणि केळं कुटून केलेल्या मऊ गोळ्यावर, लाइट सूप (टोमॅटोचा पातळ रस्सा) मागितलंत तरी वाढणारीने तीच पळी नुकतीच ग्राउंडनट सूपमधून काढलेली असू शकते. गर्दी व्हायच्या आत जा, धुतलेली पळी मागा, नाहीतर उकडलेली अंडी आणि सोलून खायची फळं यांवर वेळ निभावून न्या. कुणी जेवताना ‘यू आर इन्व्हायटेड’ म्हणालं तर बसलंच पाहिजे असं नाही. ती रीत आहे, हसून आभार मानले की झालं.

खुद्द कामाचा विचार तर फार थोडे करतात. कुपोषित मुलांना देतात ते ‘प्लम्पीनट’ १९९६ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालं. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी, आणि मुख्य घटक दाण्याची पेस्ट. पाकिटाचा कोपरा फाडून मूल ते चोखतं, पेस्ट बोटांना लागते आणि तीच बोटं तुमच्या बाहीला. इथे सॅनिटायझर कामाचा नाही, त्याने दाण्यातली प्रथिनं निघत नाहीत. साबण आणि पाणीच हवं. समन्वयकाला आधीच सांगून नोंदणीचं काम मागून घ्या. यात संकोच कसला?

पोटाच्या बाबतीत नवं काही नाही: शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेला भात, कापून ठेवलेली सॅलड आणि बर्फ नको. पाण्याची पिशवी घ्याल ती सीलबंद, आणि दाताने फाडण्याआधी कोपरा पुसून. सोबत ओआरएस ठेवा.

आता औषध. सेट्रिझिन खिशात आहे म्हणून निर्धास्त राहणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. गोळीने खाज आणि पुरळ कमी होईल, सुजलेला घसा उघडणार नाही. त्याला अ‍ॅड्रेनलिनच लागतं, इंजेक्शनने, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तयार ऑटो-इंजेक्टर, म्हणजे औषध आधीच भरलेलं, मांडीवर दाबून द्यायचं इंजेक्शन, भारतात सहजासहजी मिळत नाही, म्हणून निघण्याच्या बरंच आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना गाठा. मिळाला तर दोन न्या. अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज न्यायची वेळ आली तर मात्रा लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर भरून बघा. चिठ्ठीसह सगळं विमानात हातातल्या बॅगेत. तिथे गेल्यावर गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. खोलीतल्या सोबत्याला इंजेक्शन कुठे आहे आणि कसं द्यायचं ते पहिल्याच दिवशी दाखवा, कारण ऐन वेळी तुमचे हात थरथरत असतील.

इंजेक्शन दिल्यावर आडवं पडा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसून राहा, पण उठून चालू नका. रक्तदाब एकदम कोसळतो. ११२ वर फोन करा. मात्र गाव आडवळणाचं असेल तर कुणाची गाडी मिळेल हे आधीच ठरलेलं हवं. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात.