मुंबईत खोली कुठे बघायची: कोकणातून निघालेल्यांसाठी

मे महिन्यात गावी गेलो की पडवीत कुणी ना कुणी येऊन बसतंच. कुणाचा डिप्लोमा झालेला असतो, कुणाचं आयटीआय, एखादीला ऐरोलीच्या कंपनीचं पत्र आलेलं असतं. पगार, सुट्ट्या, कामाचे तास हे सगळं त्यांनी आधीच कुणाकुणाला विचारलेलं असतं. मला विचारायचं म्हणजे एकच, "काका, रवाचा खंय?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या आईचं उत्तर तयार असतं, "मामाकडे दिव्याक. नायतर आत्येकडे नालासोपाऱ्याक. आपली माणसा आसत थंय."

आपली माणसं तिथे आहेत हे खरंच. पण ती तिथे का आहेत, तेही बघायला हवं. आजोबांच्या पिढीने लालबाग-परळ गाठलं ते गिरण्यांसाठी. गावकीच्या, म्हणजे एका गावच्यांनी मिळून ठेवलेल्या, खोल्या होत्या, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं, जेवण खानावळीत आणि गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून गेल्या, घरं वाढली, आणि परळमधली माणसं दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशी जिथे परवडेल तिथे सरकली. म्हणजे आपल्या नातेवाइकांचा नकाशा आधी गिरणीने आणि मग परवडण्याने काढला. तुमची नोकरी त्या नकाशावर असेलच असं नाही, आणि आजकाल बहुतेकांची नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मामाचं घर उतरायला घ्या, राहायला नको. पंधरा दिवस, महिना तिथे काढा, जेवणाखाण्याचं निभतं, शहर अंगवळणी पडतं. त्या काळात जागा शोधा. आणि शोधताना भाड्याच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. कामाच्या पत्त्यापासून करा.

नेमणुकीच्या पत्रावर 'मुंबई' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. ऐरोली, महापे म्हणजे ठाणे-वाशी-पनवेलची ट्रान्स-हार्बर लाइन. तिथल्या नोकरीला घणसोली, कोपरखैरणे सोयीचं, ठाण्याहूनही थेट गाडी आहे. तळोजा, पाताळगंगा, रसायनीच्या कारखान्यांत लागलात तर पनवेल, कळंबोली, कामोठे बघा. तिथे कंपनीची बस असेल तर एचआरकडून बसथांब्यांची यादी आधी मागून घ्या आणि थांब्यापासून चालत जाता येईल अशीच खोली शोधा. पहाटेच्या पाळीला रिक्षा शोधत फिरण्याची वेळ येत नाही. गोरेगाव, मालाड असेल तर पश्चिम रेल्वे. इथे नालासोपाऱ्याची आत्या खरोखर कामाची. वांद्रे-कुर्ला संकुलाला पूर्वी कुर्ल्याला किंवा वांद्र्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागायचं. आता आरे ते कफ परेड या मेट्रो ३ चं स्टेशन तिथेच आहे, आणि घाटकोपरहून येणाऱ्याला मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जाऊन ती पकडता येते.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला गोरेगावला नोकरी लागली आणि घरच्यांनी तिला मामाकडे दिव्यात ठेवलं. भाडं शून्य, मामीच्या हातचं जेवण. सकाळी दिव्याच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा ती मागूनच भरून आलेली असते. बायकांच्या डब्यातसुद्धा दारातल्या चौघींनी आत सरकायचं ठरवलं तरच पाय ठेवायला मिळतो. घाटकोपरला उतरायचं, पुलावर गर्दीबरोबर चढून मेट्रो, अंधेरीला पुन्हा जिना, पुन्हा लोकल, मग गोरेगावला रिक्षा. चार वाहनं जायला, चार यायला. एक गाडी चुकली की पुढची तिन्ही चुकतात. पावसाळा लागेपर्यंत तिने रेटलं, मग जोगेश्वरीला तिघी मुलींत मिळून एक घर घेतलं. मामी रुसली, अजून थोडी रुसलेलीच आहे. पण पोरीचे संध्याकाळचे दोन तास सुटले आणि त्यात ती एक कोर्स करते आहे. भाड्याचे पैसे वाया गेले असं तिच्या आईला वाटतं, मला नाही.

दारात लटकून प्रवास करण्यात मर्दुमकी आहे असं सांगणारे काका तुम्हाला भेटतील. जून २०२५ मध्ये दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडून मेली. त्यामुळे स्टेशन निवडताना लोकल तिथून सुटते का, हे बघाच. ठाणे, डोंबिवली, कल्याण, पनवेल इथून गाड्या सुटतात. रिकाम्या डब्यात चढायला मिळणं ही रोजची मोठी गोष्ट आहे. मधल्या स्टेशनावर राहायचं तर जलद गाडी थांबते का, तुमच्या वेळेला थांबते का, हे फलाटावर उभं राहून बघा. सुट्टीच्या दिवशी नाही, मंगळवारी-बुधवारी, सकाळी आठला.

दुसरा खर्च सगळे विसरतात तो स्टेशनपासून घरापर्यंतचा. जाहिरातीतलं 'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे रिक्षाने, तेही रात्री बारा वाजता रस्ता मोकळा असताना. शेअर रिक्षाला माणशी वीस रुपये धरा. येऊन-जाऊन चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे हजार झाले. स्टेशनजवळची खोली हजाराने महाग असेल तर ती महाग नाहीच. वर संध्याकाळी पावसात रिक्षाच्या रांगेत उभं राहणं वाचतं ते वेगळं.

आता प्रत्यक्ष खोली. मागे पुतण्याबरोबर कामोठ्यात जागा बघायला गेलो होतो. एजंटने दार उघडून पंखा लावला, लाद्या दाखवल्या, खिडकीतून पलीकडची बाग दाखवली. पुतण्या बागेकडे बघत होता. मी बाथरूममधला नळ सोडला. नळाने खाकरून थोडी हवा सोडली, बस्स. बाहेर पॅसेजमध्ये शेजारच्यांच्या दाराशी दोन निळी पिंपं झाकण लावून ठेवलेली होती. पिंपं दिसली की समजायचं. शेजारच्या वहिनी दारात आल्या, त्यांना विचारलं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, मे महिन्यात टँकर येतो का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की भाडेकरूकडून वेगळे घेतात? त्यांनी सगळं सांगितलं, एजंटकडे न बघता. आपल्याकडे विहीर आटते ती एप्रिल-मेमध्ये आणि सगळ्या गावाला दिसते. इथे शेजारची इमारत तुडुंब आणि तुमची कोरडी असं होऊ शकतं, कारण टाकी, पंप, नळजोडणी ज्याची त्याची. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण कामोठे, खारघर, कळंबोली ही त्या पालिकेत येत नाहीत, पनवेल महापालिकेत येतात. पत्त्यात नवी मुंबई लिहिलं म्हणून पाणी मोरब्याचं, असं धरून चालू नका. ती खोली आम्ही घेतली नाही.

तीच जागा रात्री साडेनऊला पुन्हा बघा. विशेषतः मुलींनी, आणि एकट्याने नाही. स्टेशनपासून दारापर्यंत चालत जा. मेडिकलचं दुकान उघडं आहे का, दिवे आहेत का, नाक्यावर कोण उभं असतं. दिवसा सगळ्याच गल्ल्या सज्जन दिसतात.

मासे खाता येतात का, हे विचारायला लाजू नका. काही सोसायट्यांत 'नॉनव्हेज चालणार नाही' असं तोंडी सांगतात, काहींत तेही सांगत नाहीत आणि पहिल्यांदा सुका बांगडा भाजलात की सेक्रेटरी दारात. 'बॅचलर चालत नाहीत' हेही तसंच. टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायचे आगाऊ पैसे, देण्याआधी विचारून मोकळं व्हा. एकट्याला सुरुवातीला कॉट बेसिस बरं पडतं: एका खोलीत तिघं-चौघं, आपापली खाट, कपाटाचा एक कप्पा. अनामत कमी लागते, पटलं नाही तर सोडता येतं.

कागदाच्या बाबतीत मात्र गावच्यासारखा तोंडी व्यवहार नको, मालक गाववाला असला तरी. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने राहण्याचा, करार साधारण अकरा महिन्यांचा करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, घरी माणूस येऊन अंगठे घेऊन जातो. हाच कागद पुढे बँकेत आणि आधारचा पत्ता बदलायला लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, तीही करून घ्या. खोली न बघता फोनवरून टोकन पाठवायचं नाही. फोटो कुणाच्याही खोलीचे असू शकतात.

'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकार ऐकाल. मोठी रक्कम एकदम द्यायची, मग भाडं नाही किंवा नावाला. आंब्याच्या बागेचे किंवा वडिलांच्या फंडाचे पैसे त्यात घालायचा मोह होतो. नवख्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नालासोपारा, दिवा इथे न्यायालयाच्या आदेशाने अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. तुमची इमारत तशी निघाली तर मालकाकडून ती रक्कम परत मिळवणं म्हणजे दुसरी नोकरीच.

पाऊस आपल्याला नवा नाही, पण इथलं पाणी जात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा नसला तरी दरवर्षी एखादा दिवस सायन-कुर्ल्याजवळ रूळ पाण्याखाली जातात आणि लोकल थांबते. तळमजल्याची खोली घेणार असाल तर भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ आहे का बघा, नवा रंग फक्त खालच्या अर्ध्या भिंतीला असेल तर जास्तच बघा. आणि कामाच्या वाटेवर मध्ये कुठे आपलं माणूस राहतं, याची नोंद ठेवा. गाड्या बंद पडलेल्या रात्री भांडुपची काकी किंवा परळचे अण्णा उपयोगी पडतात. नातेवाइकांचा नकाशा खरा कामाला येतो तो असा.

शेवटी गावची वाट. कोकणकन्या, तुतारी, जनशताब्दी या गाड्या दादर, ठाणे, पनवेल घेत जातात, म्हणून मध्य रेल्वेवर किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला पिशव्या घेऊन एकाच लोकलचं काम. पश्चिमेला राहणाऱ्याला वांद्र्याहून बोरिवली, वसईमार्गे मडगावला जाणारी गाडी ऑगस्ट २०२४ पासून मिळाली, पण ती आठवड्यातून दोनच दिवस. बाकी दिवस दादर गाठा नाहीतर रात्रीची बस. निव्वळ एवढ्यासाठी कुणी पनवेलला राहू नये, पण दोन जागांत मन अडलं असेल तर हे वजन टाकायला हरकत नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, चतुर्थीचं तर सकाळी आठला पाच मिनिटांत संपतं, तेव्हा नवीन नोकरीत रजा मंजूर व्हायची वाट न बघता तिकीट आधी काढा. आणि तुतारी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं.