गिअरबॉक्सचा तोच त्रास पुन्हा पुन्हा? या चुका टाळा

गाडी गॅरेजमधून येते, काही दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तोच झटका, रिव्हर्स टाकताना तीच खरखर. अशा वेळी बहुतेक जण एकतर मेकॅनिक बदलतात, नाहीतर वैतागून गिअरबॉक्स उघडायला परवानगी देऊन टाकतात. दोन्हीच्या आधी मागच्या दुरुस्तीची चौकशी व्हायला हवी. जो भाग बदलला तो खरोखर खराब होता का? आणि होता, तर कशामुळे झाला? या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं की नवा भागही जुन्याच वाटेने जातो.

“गिअर नीट पडत नाही” एवढंच सांगून गाडी सोडणं

घरची गाडी तिघं-चौघं चालवतात, त्यामुळे तक्रारीही तीन-चार प्रकारच्या असतात. एकाला झटका जाणवतो, दुसरा म्हणतो आवाज येतो, तिसऱ्याला काहीच जाणवत नाही. गॅरेजमध्ये यातली एकच तक्रार पोचते, तीही गाडी न चालवणाऱ्याच्या तोंडून. घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की अर्धा तास चालून तापलेलं? कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना? ॲक्सिलरेटर दाबलेला होता की सोडलेला? चढ, गर्दी की मोकळा रस्ता? वेग आणि आरपीएम किती?

या चार ओळींनी निम्मं निदान होतं. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत पडत असेल, तर क्लच नीट सुटत नाही. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सहज पडला, तर आधी संशय क्लचच्या हायड्रॉलिकवर: लाइनमध्ये हवा, किंवा मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरमधून (पेडलचा दाब द्रवातून क्लचपर्यंत पोचवणाऱ्या दोन नळकांड्यांतून) गळती. फक्त दुसरा गिअर टाकतानाच खरखर आणि बाकी सगळे गिअर गुळगुळीत, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी कडी) झिजलेली असू शकते. तिन्ही ठिकाणी चालक म्हणतो तेच, “गिअर पडत नाही”. पण पहिल्या दोन दुरुस्त्यांसाठी गिअरबॉक्सच्या आत हात घालायची गरज नाही.

आवाजाचंही तसंच. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासावं. उलट, दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर बहुतेक वेळा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). ही तपासणी घरी, एका मिनिटात होते.

गाडी ताब्यात घेतानाही ज्या परिस्थितीत दोष दिसायचा त्याच परिस्थितीत चालवून पाहा. तापल्यावर होणारा त्रास थंड गाडीच्या पाच मिनिटांच्या फेरीत दिसणारच नाही.

कोड पुसून “झालं” म्हणणं

डॅशबोर्डवरचा दिवा लागला की स्कॅनर लावून कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) पुसायचा, दिवा गेला की गाडी हातात. सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. कोडबरोबर तो नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान अशी माहितीही साठलेली असते. कोड पुसला की ती जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तोच एकमेव पुरावा असतो. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढायला सांगा.

पी0700 हा कोड दिसला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही. तो एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने दोष नोंदवलाय, तपशील तिथे वाचा. साधे स्कॅनर अनेकदा तिथपर्यंत पोचत नाहीत. पी0715 इनपुट किंवा टर्बाइन स्पीड सेन्सरच्या सर्किटबद्दल असतो. यात ‘सर्किट’ महत्त्वाचं. सेन्सर बदलूनही कोड परत आला तर वायर, कनेक्टर, पिनांवरचा गंज, कनेक्टरमध्ये शिरलेलं ऑइल बघायचं. तिसरा सेन्सर आणायचा नाही.

बॅटरी आणि अर्थिंगला विसरणं

एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र हलवतं) आणि ड्युअल-क्लच (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक) गाड्यांमध्ये क्लच आणि गिअर हलवण्याचं काम मोटर, पंप आणि व्हॉल्व्ह करतात. व्होल्टेज पडलं की ते अडखळतात आणि कंट्रोल युनिट गिअरबॉक्सच्या नावाने दोष नोंदवतं. सकाळी पहिल्या स्टार्टलाच गिअर न पडणं आणि नंतर दिवसभर गाडी ठीक, हे ऐकलं की आधी बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करा, टर्मिनल घासा, इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी तपासा.

ऑइल: ग्रेड, पातळी आणि “लाइफटाइम”

एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल), सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पुलींवर चालणारा ऑटोमॅटिक) फ्लुइड आणि ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचं ऑइल एकमेकांऐवजी चालत नाही. सीव्हीटीमध्ये स्टीलचा पट्टा किंवा साखळी आणि पुली यांच्यातल्या पकडीवर सगळं चालतं, ती पकड फ्लुइडवर अवलंबून असते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही सांगितलेलं जीएल-4 (गिअर ऑइलचा एक वर्ग) सोडून नुसतं जीएल-5 भरलं तर त्यातली काही ॲडिटिव्ह (मिसळलेली रसायनं) पितळी सिंक्रो रिंगांना मारक ठरू शकतात, आणि गिअर पडणं उलट जड होतं. ‘त्यापेक्षा भारी’ असा प्रकार इथे नसतो. ओनर्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन तेच हवं.

पातळी कमी असली की ऑटोमॅटिक घसरतो हे बहुतेकांना माहीत असतं. जास्त असली तरी घसरतो, हे फारसं माहीत नसतं. फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि दाब बसत नाही. पातळी मोजण्याची पद्धतही गाडीगणिक वेगळी. काहींमध्ये डिपस्टिक असते, अनेकांमध्ये नसतेच. गाडी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना प्लग उघडून पाहावं लागतं. तापमान न बघता मोजलेल्या पातळीवर विश्वास ठेवू नका.

“सील केलेला गिअरबॉक्स आहे, ऑइल बदलायचं नसतं” हेही सरसकट खरं नाही. अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

ऑइल काढताना शक्य असेल तर समोर उभे राहा. ड्रेन प्लगच्या किंवा पॅनच्या चुंबकावरचा थर बोटांत चोळून बघा. बारीक राखाडी लुगदी, काजळासारखी मऊ, ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारी किरचं किंवा नखाएवढे तुकडे दिसले तर नुसतं ऑइल बदलून काही साधणार नाही. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे आतल्या क्लच तापल्यात. ऑइल दुधट गुलाबी दिसलं तर गाडी चालवणं लगेच थांबवा, रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरतंय.

बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल बदललं’ असं घेऊ नका. ग्रेड, किती लिटर निघालं, किती भरलं, हे लिहून घ्या. कमी निघालं असेल तर ते गेलं कुठे, हा त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

क्लच प्लेट बदलली, कारण तसंच

नवा क्लच काही महिन्यांत घसरू लागला की दोष चालकाच्या पायावर जातो. कधी ते बरोबरही असतं. क्लचवर पाय टेकवून चालवणं आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं प्लेट खातं. एएमटीमध्ये चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरणं म्हणजे तेच, फक्त पाय दिसत नाही. तिथे ब्रेक वापरायचा.

पण प्लेटवर ऑइल आढळलं असेल तर चालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. क्रँकशाफ्टचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असतं. फोर्डच्या 2012 च्या आसपासच्या फिएस्टा आणि फोकसमध्ये ड्राय क्लचचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स होता. इनपुट शाफ्टच्या सीलमधून ऑइल क्लचवर जायचं आणि निघताना गाडी थरथरायची. 2014 मध्ये कंपनीने अमेरिकेत क्लचबरोबर त्या सीलचीही वॉरंटी 7 वर्षे किंवा 1,00,000 मैलांपर्यंत वाढवली. नुसता क्लच बदलून भागणारं ते दुखणं नव्हतं.

म्हणून गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाच दोन्ही सील, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचा (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीचा) पृष्ठभाग बघून घ्या. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक तडे असतील तर नवी प्लेटही थरथरेल. जुनी प्लेट मागून घ्या. ती समसमान झिजलीय, ऑइलने भिजलीय की एकाच बाजूला घासलीय, यावरून कारण कळतं. एएमटी किंवा ड्राय ड्युअल-क्लचमध्ये क्लच बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करावं लागतं, म्हणजे नव्या क्लचची पकड कंट्रोल युनिटला शिकवावी लागते. ते राहिलं तर चांगला क्लचही झटके देतो आणि पुन्हा क्लचच बदलला जातो.

जे गिअरबॉक्सचं नाहीच

तुटलेलं इंजिन माउंटिंग (इंजिनला धरून ठेवणारा रबरी आधार) गिअर टाकताना धाडकन आवाज करतं. सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) वळताना कटकट करतो. व्हील बेअरिंगची घरघर गिअर न बदलता वेगाबरोबर वाढते. इंजिनचं मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) आणि टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाची) थरथर तर सारखीच वाटते. एका वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरत असेल, तर मागे गाडी नसताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून दुसऱ्या पायाने ब्रेक पेडलला अगदी हलका स्पर्श करा. थरथर तत्क्षणी थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचवर संशय घ्यायला जागा आहे, कारण ब्रेकच्या स्विचने तो सुटतो. थांबली नाही तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा.

गिअरबॉक्स बदलताना कूलर तसाच ठेवणं

जुना ऑटोमॅटिक आतून फाटला असेल तर त्याची किरचं कूलरमध्ये आणि नळ्यांत जाऊन बसतात. नवा किंवा रिबिल्ट गिअरबॉक्स जोडला की पहिल्याच फेऱ्यांत ती धातूची भुकटी व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) पोचते. कूलर नीट धुता येत नसेल तर बदला, आणि हे काम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहून मागा. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चालती चाकं (इंजिन ज्यांना फिरवतं ती) जमिनीवर ठेवून ओढून आणू नका. बहुतेक गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद असताना आतले भाग कोरडेच फिरतात. फ्लॅटबेडच मागवा, आणि ताब्यात घेतल्यावर पहिल्या हजार किलोमीटरच्या आत पातळी आणि गळती पुन्हा एकदा तपासून घ्या.